कंदील तीनदा उतरला

'कोचिंग क्लासचं पेव फुटलंय', 'हॉटेलांचं पेव फुटलंय' असं आपण सहज बोलून जातो. मी सांगलीत जन्मले, हळदीच्या वासात वाढले, वडील मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. तरी पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, उघडा असा मी फेब्रुवारीतल्या त्या सकाळपर्यंत डोळ्यांनी पाहिला नव्हता.

मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक काम असतं. न बनलेल्या चित्रपटाची पहिली दोन मिनिटं करायची. अख्खी शॉर्टफिल्म नाही, फक्त सुरुवात. बघणाऱ्याला पुढचं बघावंसं वाटलं पाहिजे, एवढीच अट. आमचा चौघांचा गट. दिग्दर्शन माझ्याकडे, एक मित्र कॅमेऱ्यावर, एक मैत्रीण साउंडला, चौथा अभिनयाला. एडिटिंग सगळ्यांनी मिळून.

गोष्ट मी लिहिली होती. पुण्याहून परतलेला मुलगा आजोबांच्या बंद पडलेल्या पेवात उतरतो आणि त्याला तिथं काहीतरी सापडतं. काय सापडतं ते दोन मिनिटांत सांगायचं नव्हतंच. स्टोरीबोर्डमध्ये चौदा शॉट होते. पहिला कृष्णेवरून ड्रोनचा, मग नदीवरचा आयर्विन पूल, मग जवळच्या हरिपूर गावचा रस्ता, आणि या सगळ्यावर व्हॉइसओव्हर. त्या व्हॉइसओव्हरसाठी मी आठवडाभर वाचत होते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळद हवाबंद राहते म्हणून पेवात कीड लागत नाही, २००५च्या महापुरात हरिपूरची कितीतरी पेवं बाद झाली, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं, असं सगळं त्यात होतं.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी राजाश्रयानं नाटक उभं केलं, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल तर हरिपूरचेच. हे आम्हाला शाळेपासून अभिमानानं सांगितलं जातं, आणि मलाही तो अभिमान आहे. पण त्यामुळेच असेल, गोष्ट म्हटली की आम्हाला आधी बोलणं सुचतं. माझ्या पहिल्या मसुद्यात शांत असा एक सेकंदही नव्हता.

पेव मिळालं वडिलांमुळे. हरिपुरातले एक वयस्क गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या आवारात दोन पेवं होती. एक पुरानंतर बुजवलं, दुसरं तसंच झाकून ठेवलेलं. आता हळद गोदामात नाहीतर कोल्ड स्टोरेजला जाते, पेव भरायचा त्रास कोण घेणार? वडिलांनी शब्द टाकल्यावर तात्या उघडून दाखवायला तयार झाले. "ये म्हणावं पोरीला. पण घाई करून यायचं न्हाई," असा निरोप होता. त्यातलं दुसरं वाक्य मी नीट ऐकलं नव्हतं.

साडेसहाला आम्ही पोचलो. थंडी होती, कृष्णा-वारणेच्या संगमाकडून धुकं येत होतं. तात्यांनी आणि त्यांच्या नातवानं कुदळीनं वरची माती ओढली, मग फरशी सरकवली. आत जेमतेम एक माणूस उतरेल एवढं तोंड. खाली पेव घागरीसारखं फुगत गेलेलं, पंधरा हात खोल. झाकण निघालं तसा वास वर आला. ताज्या हळदीचा वास मला पाठ आहे, दळलेलीचा, शिजणाऱ्या हळदीचा वेगळा. हा त्यातला कुठलाच नव्हता. ओल, कुजलेलं पाचट आणि त्याच्या मागे कुठंतरी खोल, जुनी हळद.

आमची धावपळ सुरू झाली. साउंडवाली मैत्रीण म्हणाली, एक मिनिट सगळे गप्प बसा, रूम टोन घेते. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, ती वेगळी रेकॉर्ड करून ठेवली की एडिटिंगमध्ये दोन तुकड्यांच्या मधली फट भरून काढता येते. दोनदा तिचं मिनिट वाया गेलं, कारण गळिताचा हंगाम, आणि रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून जात होत्या. तिसऱ्यांदा शांतता मिळाली. नेमकं तेव्हाच तात्यांनी कोणाला न विचारता कंदील पेटवला, कडीला दोर बांधला आणि पेवात सोडायला लागले.

त्यांना थांबवायला मी हात वर केला होता. का थांबवलं नाही, आठवत नाही. दोराला हाताहातावर चिंध्यांच्या गाठी मारलेल्या होत्या. दोर दगडाच्या कडेवर घासत होता, कंदिलाची कडी कुरकुरत होती. एक गाठ गेली, दोन, तीन. पाचव्या गाठीला आतला उजेड बारीक झाला, निळसर झाला आणि गेला. तात्यांचा हात थांबला. आवाजही थांबला. काच तडकली नव्हती, वारा नव्हता, फुंकर कुणी मारली नव्हती.

"चार तास तरी तिकडं फिरकायचं न्हाई," तात्या म्हणाले आणि कंदील वर ओढून कडुलिंबाचे डहाळे आणायला मागच्या बाजूला गेले.

इथून पुढचं लिहिताना मला अजून जड जातं. आमच्या वेळापत्रकात आठ वाजता अभिनेत्याचा उतरण्याचा शॉट होता. कोवळं ऊन नऊनंतर जातं, कॅमेरा कॉलेजला संध्याकाळी परत करायचा होता. मी त्याला म्हणाले, पूर्ण उतरू नकोस, फक्त तीन-चार पायऱ्या, फ्रेम बघून घेऊ. बांबूची शिडी आम्हीच आणली होती. तो उतरला. छातीपर्यंत आत गेला, मी मॉनिटरवर ओढणी धरून फ्रेम बघत होते, आणि मागून तात्या आले. डहाळे टाकून त्यांनी त्याला काखेत हात घालून वर ओढलं. पंचाहत्तरीच्या माणसात एवढी ताकद येते कुठून, कोण जाणे.

त्याला ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळले.

"दिवा विझला ते बघितलंस का न्हाई?"

"बघितलं, तात्या."

"मग?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनीही दुसरा प्रश्न विचारला नाही. थोड्या वेळानं, डहाळ्यांची जुडी दोराला बांधता बांधता, ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, त्यांच्या लहानपणी अशाच घाईत उतरलेला एक गडी परत वर आला नव्हता, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

नंतर मी वाचलं. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो, तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. बंद पेवात पाचट कुजतं, प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साठून राहतो. वास नाही, रंग नाही. आज अशा जागी उतरण्याआधी वायू मोजायचं यंत्र लावायला हवं, नुसत्या कंदिलाच्या भरवशावर कुणीच राहू नये. पण त्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या कंदीलच होता. माणसाच्या आधी तो खाली जायचा.

आणि माझ्या स्टोरीबोर्डमध्ये मुलगा पेवात जिना उतरावा तसा उतरत होता. भीती मी संगीतावर सोडली होती. ज्या गोष्टीची भीती मला स्वतःला वाटलीच नव्हती, ती बघणाऱ्याला कशी वाटणार होती?

आम्ही शूटिंग थांबवलं. तात्या डहाळ्यांची जुडी पेवात खालीवर करत राहिले, हवा ढवळावी म्हणून. मधे चहा झाला. नऊच्या सुमाराला ते पुन्हा कंदील सोडायला उठले तेव्हा मी विचारलं, आम्ही हे टिपू का? ते म्हणाले, टिपा, पण मी काय तुमच्यासाठी थांबणार न्हाई, माझं मी करणार.

या वेळी कॅमेरा नीट लावला. सगळं मॅन्युअल. शटर १/५०, सेकंदाला २५ फ्रेम, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग कसे धरायचे ते, ५२०० केल्विनवर पक्का. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा पिवळा रंग 'चूक' समजून काढून टाकतो, आणि पेवाच्या तोंडाशी वर्षानुवर्षं मुरलेला जो पिवळेपणा होता, तो राखेसारखा दिसायला लागतो. एक्स्पोजर ज्योतीवर धरलं, म्हणजे भोवतीचा अंधार खराखुरा काळा आला. कंदील नवव्या गाठीपर्यंत गेला आणि विझला.

साडेअकराला तिसऱ्यांदा. दहा, अकरा, बारा. आम्ही चौघं श्वास रोखून गाठी मोजत होतो. पंधराव्या गाठीला दोर सैल पडला. कंदील तळाला टेकला होता आणि जळत होता. पेवाची भिंत पहिल्यांदा दिसली. मातीवर सारवणाचे हातांचे फराटे जसेच्या तसे होते, बायकांच्या हातांचे असावेत. बोटं मोजता येत होती.

अभिनेता उतरला नाही. तात्यांनी नाही म्हटलं, आणि आम्हीही मागितलं नाही.

एडिटिंगला बसलो तेव्हा कळलं की पहिल्या वेळचं चित्र आमच्याकडे नाही. कॅमेरा चालू होता, पण ऑटोवर. फोकस दोरावरून दगडावर सरकत होता, ज्योत म्हणजे पांढरा डाग. उन्हात स्क्रीन दिसत नाही, त्यामुळे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. आवाज मात्र पूर्ण होता, कारण रूम टोनसाठी रेकॉर्डर चालू होता. दोराचं घासणं, कडीची कुरकुर, आणि ते थांबणं.

यावरून आमचं भांडण झालं. कॅमेऱ्यावरच्या मित्राचं म्हणणं, दुसऱ्या वेळचं चित्र पहिल्या आवाजाखाली टाकू, कोणाला कळणार नाही. तसं करतातच, चित्रपटात आवाज आणि चित्र एकाच क्षणाचे असतातच असं नाही. हे मला मान्य आहे, इतर कुठंही मी ते केलं असतं. पण दुसऱ्या वेळी आम्हाला ठाऊक होतं की दिवा विझणार. तात्यांचा हातही वेगळा चालत होता. दोन दिवस वाद घातल्यावर ठरलं, पहिल्या वेळी पडदा काळाच ठेवायचा. फक्त आवाज. मग दुसरी वेळ, चित्रासकट. मग तिसरी, तळापर्यंत. क्रम पेवानंच दिला होता, आम्ही तो फक्त मोडला नाही.

काळा पडदा किती वेळ? आधी चाळीस सेकंद ठेवला. पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवला तर पंचविसाव्या सेकंदाला कुणी प्रोजेक्टरकडे वळून बघितलं, कुणी मोबाइल काढला. पंधरा सेकंद करून पाहिला, तर दोर नुसताच दोर वाटला, खोली जाणवेना. बावीस सेकंदांवर वर्ग गप्प झाला आणि गप्पच राहिला. त्या सात सेकंदांच्या फरकासाठी आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या, आणि माझ्या मते पूर्ण कामातल्या त्याच सर्वांत मोलाच्या होत्या.

व्हॉइसओव्हर गेला. मानांकन, पूर, ४५ फूट, ५७ फूट, सगळं गेलं. ड्रोनचा शॉट गेला, आयर्विन पूल गेला. पूल काढताना मला खरंच वाईट वाटलं. हाताच्या फराट्यांवर पाच सेकंद थांबून शेवटी मुलाचा चेहरा येतो, वरून वाकून बघणारा, आणि तिथं संपतं. एक मिनिट बावन्न सेकंद.

दाखवायला म्हणून आम्ही परत हरिपूरला गेलो. तात्या अंगणात बसले होते. पेवावर फरशी आणि माती पुन्हा होती तशी. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. भर दुपारचं ऊन, स्क्रीनवर स्वतःच्या चेहऱ्याशिवाय काही दिसेना. ओढणी धरायला मी पुढं झाले, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि मोबाइल कानाला लावला.

दोर घासायला लागला. त्यांचा दुसरा हात मांडीवर होता, त्याची बोटं एकेक करून हलत होती. पाचव्या बोटाशी ती थांबली.

"हितं विझला," ते म्हणाले.