जिभेखालचा पडदा कापायचा की नाही? माझा अनुभव

बाळ छातीला लागायचं, चटचट आवाज करत ओढायचं आणि दमून झोपी जायचं. अर्ध्या तासानं पुन्हा रडं. माझ्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या. पाजायची वेळ आली की पायाची बोटं आपोआप आवळली जायची. पहिलं बाळंतपण, म्हणून मी माहेरी खानापूर तालुक्यात, त्यात भरपावसाळा. येणारी प्रत्येक बाई सांगायची, "दूध कमी असंल, अळीव खा की." दूध कमी नव्हतंच. उलट ते साठून गाठी धरत होत्या.

बाळ रडत असताना आज्जीनं तोंडात डोकावून पाहिलं. "जीभ चिकटलीया गं ह्याची." जीभ उचलायला गेला की टोक मधोमध खाली ओढलं जायचं आणि पत्त्यातल्या बदामासारखा आकार दिसायचा. पूर्वी सुईण नखानंच तो पडदा तोडायची, हेही तिनं सहज सांगून टाकलं. मी बाळाला पदराखाली घेतलं.

आशाताईनं वजन केलं. जन्मल्यावर बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. आमचं आलं नव्हतं. लंगोटही कमी ओले व्हायचे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी व्हावेत. "बेळगावला दाखवून या," ती म्हणाली.

मला वाटलं, डॉक्टर बघतील आणि लगेच कापतील. त्या म्हणाल्या, "आधी माझ्यासमोर पाजा." मला ते फार आवडलं. पाजताना पाहिलं, मग बोट घालून जिभेखाली चाचपलं. असा पडदा सगळ्यांनाच असतो, त्यांनी सांगितलं. तो आखूड किंवा जाड असला आणि त्यामुळं जीभ नीट हलत नसली, तर त्याला टंग टाय म्हणायचं. आणि तसा असला तरी निम्म्याहून जास्त बाळं व्यवस्थित दूध पितात. म्हणून आधी पाजायची पद्धत सुधारायची: बाळाचं तोंड मोठं उघडू द्यायचं, हनुवटी छातीला टेकवायची, नुसतं स्तनाग्र नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ द्यायचा. वजन आणखी घसरू नये म्हणून काढलेलं दूध वाटी-चमच्यानं.

याचा थोडा उपयोग झाला. वजन सावरलं, पण माझं दुखणं काही जाईना. पुढच्या खेपेला कापायचं ठरलं. लेसरचं विचारलं, तर कात्रीपेक्षा तो सरस असल्याचा पुरावा नाही असं उत्तर मिळालं.

संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. मी मराठी शाळेतली. कन्नड अक्षरं लावता येतात, पण बाळाच्या बाबतीत अंदाजावर सही कशी करणार? बैलहोंगलकडच्या सिस्टरनी आपल्या मराठीत ओळ न् ओळ समजावली. "भ्यायचं नाही, अक्का." जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय का, घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का, तेही विचारलं.

प्रत्यक्ष काम इतकं झटपट झालं की चहाला गेलेले आमचे हे परत येईपर्यंत बाळ माझ्या छातीला लागलेलं होतं. दुपट्यात घट्ट गुंडाळलं, जीभ वर धरली, कात्रीनं टुचकन कापलं. रक्ताचे चार थेंब. लगेच पाजायला सांगितलं, त्यानं बाळ शांतही होतं आणि रक्तही थांबतं.

माझं दुखणं लवकरच हलकं झालं. बाळाला मात्र नीट ओढायची सवय लागायला वेळ लागला. जिभेखाली पांढरट-पिवळा डाग दिसला तेव्हा आई घाबरली, पू झाला म्हणून. ती जखम भरताना येणारी साय, एक-दोन आठवड्यांत जाते. मध लावायचा सल्लाही आला. तो मी ऐकला नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो.

शहापूरहून सासूबाईंचा फोन आला, "आता लवकर बोलेल ना?" हेही मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. या पडद्यामुळं बोलायला उशीर होत नाही. झालाच तर ल, र, त, द अशा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, आणि ते मूल बोलायला लागल्यावर बघायचं असतं. जाऊबाईंच्या मुलीची जीभही अशीच बदामी आहे. ती पोटभर पिते, वजन वाढतंय, जाऊबाईंना काही दुखत नाही. तिचा पडदा तसाच ठेवलाय.