ससून डॉक ते शिवडी: पूर्व किनाऱ्याने पायी जाणाऱ्यांसाठी

मुंबईचा पूर्व किनारा लोकांसाठी खुला होणार, ही बातमी गेली दहा-बारा वर्षे ठरावीक अंतराने छापून येते. बंदराच्या जमिनीचे काय करायचे हे ठरवण्यासाठी 2014 साली केंद्र सरकारने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून आराखडे, रंगीत चित्रे आणि रोजगाराची आश्वासने यांना खंड पडलेला नाही. त्या चित्रांवर विसंबून कोणी ससून डॉकहून शिवडीकडे पायी निघणार असेल, तर त्याने एवढे आधीच जाणून घ्यावे की या बारा-तेरा किलोमीटरांत गेटवेचा परिसर सोडल्यास समुद्र तीनच ठिकाणी धड दिसतो: ससून डॉकला, भाऊच्या धक्क्याला आणि थेट शिवडीच्या जेट्टीवर. उरलेला बहुतेक वेळ उजव्या हाताला भिंत असते, आणि भिंत नसेल तेथे गोदाम असते.

ससून डॉकला पहाटे पाचच्या सुमारास पोहोचावे; सात वाजल्यानंतर जाण्यात अर्थ नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत हा टप्पा वगळावा. कॅमेरा पिशवीतच ठेवावा, कारण येथे छायाचित्रे काढू देत नाहीत. पायांत रबरी सोलचे बूट असावेत. बर्फाचे पाणी आणि खवले यांच्या चिखलात चप्पल टिकत नाही. 1875 सालच्या या गोदीत आजही किती प्रकारची कामे एकमेकांना धरून चालतात, हे मासळीचा लिलाव संपल्यावर दिसते: बर्फ फोडणारे, पाट्या वाहणारे, जाळी दुरुस्त करणारे, डिझेल आणि किराणा होड्यांवर चढवणारे, आणि शेडच्या कडेला ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका. त्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात, समोर बर्फाच्या पाण्याचा टब असतो, आणि मजुरी दिवसावर नव्हे तर सोललेल्या मालाच्या वजनावर मिळते. गोदीच्या आधुनिकीकरणाबद्दल मी एका मावशींना विचारले, तेव्हा हात न थांबवता त्या म्हणाल्या, "नवी शेड होऊ दे की दादा, पन तिच्यात आमाला बसायला जागा हाय का, ते पयले विचारा." मी त्यानंतर दिवसभर जे पाहिले, त्याला याहून नेमका प्रश्न मला सुचलेला नाही.

गेटवे आणि बॅलार्ड इस्टेट हा टप्पा सोपा, सावलीचा आणि सुंदर आहे; त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की बॅलार्ड इस्टेट ही जमीनसुद्धा सार्वजनिक कामातूनच निघाली. 1914 साली पूर्ण झालेल्या अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीच्या, खोदकामातून निघालेला भराव टाकून ती उभी राहिली. त्या खर्चातून पुढची अनेक दशके हजारो गोदी कामगारांना काम मिळत राहिले. आता त्याच गोदीवर आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झाले आहे. इमारत देखणी आहे, पण तिच्यात पाऊल ठेवायला जहाजाचे तिकीट लागते, आणि तेथे निर्माण होणारे काम बहुतांशी सुरक्षारक्षक, सफाई, सामान वाहणे आणि टॅक्सी अशा प्रकारचे असते. जहाज आले की काम येते आणि जहाज गेले की जाते, त्यामुळे ज्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या गोदीवर पोट भरले तिला त्यातून बारमाही नोकरी कशी मिळणार, हा प्रश्न सुटत नाही.

पी. डिमेलो रस्त्याला लागल्यावर सुखाचा प्रवास संपतो. भिंतीपलीकडे 1880 ची प्रिन्सेस गोदी आणि तिला लागून असलेली व्हिक्टोरिया गोदी होती. 14 एप्रिल 1944 रोजी फोर्ट स्टिकीन जहाजाच्या स्फोटात 66 अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले, ते याच व्हिक्टोरिया गोदीत. पुढे कंटेनर टर्मिनलसाठी जागा हवी म्हणून या दोन्ही गोद्या बुजवण्यात आल्या आणि ते टर्मिनल ठरल्याप्रमाणे कधी चाललेच नाही. कंटेनरची वाहतूक तर 1989 पासूनच खाडीपलीकडच्या न्हावाशेवा बंदराकडे वळू लागली होती. सार्वजनिक पैशाने उभे राहिलेले आणि काम देणारे पाणी बुजवायचे, मग त्या जागी काय करावे याचा विचार करीत बसायचे, याचे याहून ढळढळीत उदाहरण मला ठाऊक नाही.

भाऊच्या धक्क्यावर थांबावे, खावे, पाणी भरून घ्यावे आणि स्वच्छतागृह वापरावे, कारण पुढे शिवडीपर्यंत मला वापरण्याजोगे एकही सापडले नाही; महिलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. माझ्या मते येथील गुंतवणूक सर्वांत कामाची ठरली आहे. मांडव्याची रो-रो, म्हणजे मोटारीही वाहून नेणारी बोट, 2020 पासून येथून सुटते, मोरा-रेवसच्या लाँचीही येथूनच जातात, आणि त्या गर्दीवर चहावाले, हमाल, मासेविक्रेत्या, टॅक्सीवाले असे सगळेच जगतात. धक्का जुनाच आहे, माणसे जुनीच आहेत, फक्त बोटी वाढल्या.

आता त्या वाईट टप्प्याविषयी. डॉकयार्ड रोडपासून रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीन या मार्गाने शिवडीपर्यंतचा रस्ता पायी चालण्याचा नाही, असे मी स्पष्टच सांगतो. पदपथ जेथे आहे तेथे त्यावर टायरची दुकाने, गॅस सिलिंडर आणि कापलेल्या जहाजांचे पत्रे रचलेले आहेत. जेथे नाही तेथे उभे ट्रेलर आणि धावते ट्रेलर यांच्या फटीतून अंग चोरून जावे लागते. दारूखान्यात, म्हणजे जुनी जहाजे फोडण्याच्या भागात, गॅस कटरच्या ठिणग्या रस्त्यालगत उडतात, तेव्हा सुती कपडे घालावेत, डोळे सांभाळावेत आणि कामगारांच्या परवानगीशिवाय आत डोकावू नये. डोक्यावरून पूर्व मुक्त मार्ग जातो, त्यावरील मोटारींना ही वस्ती दिसतही नाही, आणि खालच्या माणसाच्या वाट्याला त्या खर्चातून फक्त खांबांची सावली आली आहे. ज्या लोकांच्या हाताला येथे आज खरोखर काम आहे, ते भंगार फोडणारे, वेल्डर, माथाडी, गोदामांतले हमाल मला कोणत्याही रंगीत चित्रात दिसलेले नाहीत.

हे असेच व्हायला हवे असे नाही. वरळीत किनारी मार्गाच्या पुलाखालून होड्या नेताना दोन खांबांत 60 मीटर अंतर अपुरे पडेल, ते 160 मीटर हवे, असा कोळीवाड्याने हट्ट धरला, आणि 2022 च्या अखेरीस सरकारला 120 मीटर मान्य करावे लागले. पूर्वेकडच्या आराखड्यांवर कोणी असा हट्ट धरलेला मला आढळला नाही.

शिवडीच्या जेट्टीवर पोहोचताना भरतीचे वेळापत्रक पाहिलेले असावे. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर पसरतो आणि रोहित पक्षी ठिपक्यांएवढे उरतात. नोव्हेंबर ते मे सोडून त्यांच्यासाठी येऊ नये. समोर अटल सेतू आहे. 21.8 किलोमीटरच्या या पुलाचा टोल मोटारीला एका फेरीस 250 रुपये, दुचाकीला बंदी आणि पादचाऱ्याचा तर प्रश्नच नाही.

जेट्टीवरून शिवडी स्थानक जेमतेम दीड किलोमीटर आहे, आणि रिक्षा या भागात चालत नाहीत. मीटरचे किमान भाडे 31 रुपये असताना तेथे उभ्या असलेल्या एकमेव टॅक्सीवाल्याने दीडशे रुपये मागितले, मीटर टाकण्यास नकार दिला, आणि पाय सुजलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही हे त्याने अचूक ओळखले. मी पैसे दिले, पण ज्यांचे पाय धड असतील त्यांनी देऊ नयेत. वीस-पंचवीस मिनिटांची ती वाट आधीच्या टप्प्यापेक्षा कितीतरी बरी आहे.

ज्यांना हा प्रवास करायचाच आहे त्यांनी भाऊच्या धक्क्यापर्यंत चालावे, तेथून डॉकयार्ड रोड स्थानक गाठून हार्बर गाडीने शिवडीला उतरावे आणि मधला भाग रे रोडला उतरून तासाभरात पाहून घ्यावा. रविवारी ट्रेलर कमी असतात, पण हार्बरवर बहुधा मेगाब्लॉक असतो, तेव्हा शनिवार बरा.