पाच पानं, एक माणूस, एक लोखंडी धूड

आज दुपारी सोलापूरच्या उन्हात बाहेर पडायची सोयच नव्हती. लाइटही गेलेली. मग गादी सोडून थंड फरशीवर आडवं होऊन जुने स्पायडर-मॅनचे कॉमिक्स काढले. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३३ वा अंक, फेब्रुवारी १९६६. चित्रं स्टीव्ह डिटकोची, प्लॉटही त्याचाच. संवाद स्टॅन लीचे.

लहानपणी मारामारी शोधत पानं उलटायचो, त्यामुळं हा अंक तेव्हा बोअर वाटला होता. सुरुवातीला मारामारीच नाही ना! पीटर, म्हणजे आपला स्पायडर-मॅन, अवजड यंत्राखाली दबलाय, वरून पाणी गळतंय आणि मे काकूचं औषध समोरच पडलंय, पण हात पोचत नाही. बस्स, एवढंच.

पण डिटकोनं काय केलंय बघा. आधी चौकटी लहान, माणूस त्यात कोंबल्यासारखा. तो जसजसा जोर लावतो तसतशा चौकटी मोठ्या होतात, आणि पाचव्या पानावर एकच अख्खं चित्र: यंत्र उचललेलं, चहूबाजूंनी पाणी. त्या पानावर मी किती वेळ थांबलो कुणास ठाऊक. स्टॅन लीचे संवाद जरा जास्तच आहेत, हे माझं मत. चित्र बोलत असताना माणसानं गप्प बसावं की!

पुतण्या डोकावून म्हणाला, "काका, ह्यो उचलतोय कधी?"

म्हटलं, "पान उलट बे."