रक्तदाब ११० होता

एम.बी.बी.एस.नंतरच्या इंटर्नशिपमध्ये माझी कॅज्युअल्टीची पाळी जुलैत लागली. महापालिकेच्या ज्या रुग्णालयात मी होतो, तिथे पावसाळ्यात पूर्व द्रुतगती मार्गावर घसरलेले दुचाकीस्वार आणि लोकलमधून पडलेले प्रवासी एकापाठोपाठ येत. तपासणीचा क्रम मला तोंडपाठ होता: मानेला आधार देत श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, शुद्ध, आणि शेवटी कपडे कापून पुढून-मागून सर्व अंग. मात्र दोन ट्रॉल्या एकदम आत आल्या तेव्हा हा क्रम मी पाळला नाही.

पहिल्या ट्रॉलीवरचे काका लोकलच्या दारातून फलाटावर पडले होते. डोक्याच्या जखमेने त्यांचा शर्ट रक्ताने भिजला होता आणि ते आम्हा सर्वांना मोठमोठ्याने शिव्या देत होते. डोक्याच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तिथली जखम भळभळते, हे ठाऊक असूनही मी त्यांच्याकडेच धावलो. ज्याला सलग वाक्यांत भांडता येते त्याचा श्वासमार्ग तरी त्या क्षणी मोकळा आहे, एवढा साधा विचार मला सुचला नाही.

दुसऱ्या ट्रॉलीवर विशीतला एक मुलगा शांत पडून होता. स्कूटर घसरताना हँडल त्याच्या पोटात घुसले होते. बाहेर मात्र डाव्या बरगड्यांखाली जेमतेम खरचटलेले दिसत होते. रक्तदाब ११०/८४ भरला, म्हणून मी निश्चिंत झालो. डावा खांदा दुखतो म्हणाला, तेव्हा खांद्याचा एक्स-रे लिहून मी पुन्हा काकांच्या ड्रेसिंगकडे वळलो.

रेसिडेंट मॅडमनी केसपेपर पाहिला आणि विचारले, "नाडी किती आहे? आणि खांदा हलवून पाहिलास का?" नाडी १२४ होती, श्वास मिनिटाला २६, हात थंडगार, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून बराच अधिक वेळ लागत होता. खांदा मात्र सगळीकडे फिरत होता आणि दाबल्यावर दुखतही नव्हता. प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा रक्ताने भरलेला अवयव) फाटून रक्त डायफ्राम या छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली साचले की त्या पडद्याच्या मज्जातंतूमार्गे वेदना डाव्या खांद्यावर जाणवते, हे मी परीक्षेत लिहिले होते. ट्रॉलीशेजारी उभा असताना मात्र मी हाडच शोधत राहिलो.

मला सर्वांत अधिक लागली ती ११० या आकड्याची फसवणूक. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय वेगाने चालवून वरचा रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. एकूण रक्ताच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्त वाहून गेले तरी तो बऱ्याचदा घसरत नाही. रक्तवाहिन्या आवळल्याने खालचा आकडा वर सरकून दोहोंतील अंतर आक्रसून २६ वर आले होते. ती खूण मी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली होती, पण वाचली नव्हती. सोनोग्राफीत प्लीहेभोवती आणि ओटीपोटात रक्त दिसले. रक्ताच्या पिशव्या मागवल्या आणि वॉर्डबॉय मामांनी त्याला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये नेले.

तो वाचला. त्यानंतर मी शांत पडलेल्या रुग्णाकडे आधी जाऊ लागलो, आणि हीच सवय मला दुसऱ्या चुकीकडे घेऊन चालली होती: शिव्या देणाऱ्या काकांना मी मनातून किरकोळ ठरवून टाकले होते. डोक्याचा मार म्हणून त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना उजव्या कानामागे काळानिळा डाग दिसला. कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची ही खूण कित्येक तासांनी, कधी दिवसाने उमटते. पहिल्या तपासणीत तिथे काहीच नव्हते, हे मी पाहिलेही होते. काका तेव्हा चहा उशिरा आला म्हणून सिस्टरांशी वाद घालत होते. मी त्यांच्या कानातून मेंदूभोवतीचे पातळ पाणी येते का ते पाहिले, कान कापसाने बंद करू नका असे सिस्टरांना सांगितले आणि सीटी स्कॅनची चिठ्ठी घेऊन मॅडमना शोधायला निघालो.