माउंटन मेडोज पाहायचं तर आधी खाली उतरा

सप्टेंबरात एक गट घेऊन अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सेंट जॉर्जहून 18 नंबरच्या रस्त्याने माउंटन मेडोजला गेलो. इथे टेकडीवर 1990 सालचं ग्रॅनाइटचं स्मारक आहे, 1857 च्या हत्याकांडात मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेलं. बरेच जण तिथूनच कुरण पाहून परततात. मी गटाला आधी खाली नेतो. वरून सगळं इतकं मोकळं दिसतं की इथे माणसं कोंडली कशी गेली, हे उमगतच नाही.

खाली दगडांच्या समाधीपाशी ते कळतं. अर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेला स्थलांतरितांचा बेकर-फँचर तांडा इथे उतरला होता. 7 सप्टेंबर 1857 च्या पहाटे गोळीबार सुरू झाला. तांड्याने गाड्या गोलाकार ओढल्या, चाकाला चाक साखळीने जखडलं, आत खंदक खणला. गोळ्या त्याने अडल्या, तहान नाही. पाणी जवळच, पण गाड्यांच्या कड्याबाहेर. गटातल्या एकाला मी ओढ्याकडे चालायला सांगितलं आणि दुसऱ्याला उंचवट्यावर उभं केलं. चालणारा क्षणभरही वरच्याच्या नजरेआड झाला नाही.

हल्लेखोर म्हणजे युटात वसलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिलिशियाचे, म्हणजे स्थानिक सशस्त्र दलाचे, लोक आणि त्यांनी सोबत घेतलेले पायूट या मूळनिवासी जमातीचे काही जण. अमेरिकेचं सैन्य युटाकडे निघालं होतं, त्यामुळे मॉर्मनांचा परक्यांविषयीचा संशय टोकाला गेलेला. 11 तारखेला मिलिशियाचा जॉन डी. ली पांढऱ्या निशाणाआडून बोलणी करायला आला: शस्त्रं द्या, सुखरूप पोचवतो. पुढचा क्रम मी चालत चालत सांगतो. पुढे गाड्यांत लहान मुलं आणि जखमी, मागे बायका आणि मोठी मुलं पायी, त्यांच्याही बऱ्याच मागे पुरुष, प्रत्येकाशेजारी एक हत्यारबंद मिलिशियावाला. अंतर मुद्दाम ठेवलेलं. नवरा हाक मारूनही बायकोपर्यंत पोचणार नाही, इतकं. इशारा झाला आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यावर गोळी झाडली. सुमारे 120 माणसं मारली गेली. साधारण सात वर्षांखालची 17 मुलं तेवढी जिवंत ठेवली.

(सुखरूप जाऊ देण्याचा शब्द आणि मग गोळीबार: त्याच वर्षी जूनमध्ये कानपूरला सतीचौरा घाटावर हेच घडलं होतं. मराठी पाहुणे असले की मी हे आवर्जून सांगतो.)

दोष बराच काळ पायूटांच्या माथी मारला गेला. 1999 मध्ये समाधीचं काम चालू असताना यंत्राच्या खोऱ्यात किमान 28 जणांची हाडं वर आली. तपासणीत कित्येक कवट्यांवर जवळून झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा सापडल्या. तपास अर्ध्यावर थांबवून 10 सप्टेंबरला हाडं पुन्हा पुरली. तो पूर्ण व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

मॉर्मन पंथाचा प्रमुख ब्रिगहॅम यंग यानेच हुकूम दिला का, हे सगळेच विचारतात. तांड्याला जाऊ द्या, असं लिहिलेलं त्याचं पत्र 13 तारखेला, म्हणजे हत्याकांडानंतर दोन दिवसांनी पोचलं. त्याच्या जबाबदारीबद्दल इतिहासकारांचे मतभेद आहेत. 1874 मध्ये नऊ जणांवर आरोप ठेवले गेले. दोषी ठरला एकटा ली. 23 मार्च 1877 ला त्याला इथेच आणून गोळ्या घातल्या.