अडीच हजारांचं चलन

नोकरीत होते तेव्हा पगारपत्रकावर ‘पीटी’ म्हणजे प्रोफेशन टॅक्स, व्यवसाय कर, अशी एक ओळ असायची. दर महिन्याला २००, फेब्रुवारीत मात्र ३००. हे शंभर जास्त कशाचे, असं कधी विचारलं नाही. वर्षाचे बरोब्बर २,५०० व्हावेत म्हणून, हे नोकरी सोडल्यावर कळलं.

२०२१ च्या मे महिन्यात राजीनामा दिला आणि चेंबूरच्या घरातूनच भाषांतराची कामं घ्यायला लागले. आयकर वेळेवर भरत होते, त्यामुळे सरकारचं आपल्याकडे काही निघत नाही अशी माझी ठाम समजूत. २०२४ च्या एप्रिलमध्ये शेजारचे काका माझे कागद चाळत होते. ते सीए आहेत. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “पीटीईसी कुठाय तुझा? व्यवसाय कराचा नोंदणी नंबर?”

“काका, तो पगारदारांचा असतो ना? आणि बायकांना माफ केलाय की आता!”

“महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना. तुला पगार कोण देतं?”

गप्प बसले. स्वतःचा धंदा करणाऱ्याने व्यवसाय कराची नोंदणी स्वतः करायची आणि करही स्वतःच भरायचा. एका एजंटला विचारलं तर तो म्हणाला, “सगळं मिळून तीन हजार, वर कर वेगळा.” कर अडीच हजारांचा आणि तो भरायला शिकवण्याचे तीन हजार! मग मीच महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी खात्याच्या, साइटवर बसले. पॅन, आधार, विजेचं बिल, रद्द केलेला चेक. फॉर्ममध्ये एकच रकाना अवघड निघाला: व्यवसाय कधी सुरू केला? बोट आजच्या तारखेवर घुटमळलं, खोटं कशाला बोलू. आजची तारीख टाकली की मागचं सगळं पुसलं जाणार होतं. काकांना फोन केला. “आयकरात तीन वर्षांचं उत्पन्न दाखवलंयस ना? मग खरी तारीख टाक. नोंदणी नसली तरी मागे चार वर्षांपलीकडे जात नाहीत,” ते म्हणाले. टाकली. ९९ ने सुरू होणारा आणि शेवटी पी असलेला नंबर आला. मागची तीन आणि चालू एक अशा चार वर्षांचे दहा हजार, व्याज वेगळं.

चार चलनं एका बैठकीत भरली आणि तिथेच घोटाळा केला. कागद फाइलला लावताना पाहिलं, तर दोन चलनांवर कालावधी एकच, २०२३-२४. म्हणजे २०२२-२३ कोरंच राहिलं. चूक सर्वस्वी माझी.

अर्ज आणि चारही चलनांच्या प्रती घेऊन हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरले आणि चालत माझगावच्या जीएसटी भवनात गेले. जुने लोक अजूनही विक्रीकर भवन म्हणतात. टेबलापलीकडच्या बाईंनी चलनं शेजारी शेजारी मांडून पेन्सिलीने कालावधीवर गोल केले. “होतं असं,” म्हणाल्या आणि अर्जावर दोन ओळी वाढवायला लावल्या. मी सहज म्हटलं, हा कर नेमका असतो तरी कशाचा? त्या शिक्का मारता मारता म्हणाल्या, “मॅडम, हा दुष्काळाचा कर.”

परतीच्या गाडीत तेच डोक्यात. आजी माण तालुक्यातली. ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची आणि आठ वर्षांची आई तिच्या मागे. कामावर सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळायची, घरी मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी. त्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर आली, आणि तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये हा व्यवसाय कर. वर्षाला २,५०० ही मर्यादा राज्यघटनेतच आहे आणि ती १९८८ पासून हललेली नाही. खालच्या किराणावाल्याच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘रोजगार हमी उपकर’ अशी ओळ असते, तीही याच घरातली. जमा झालेलं रोजगार हमी निधीत जावं आणि राज्याने तेवढीच भर घालावी, असं कायद्यात आहे.

मग दोन संध्याकाळी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पीडीएफमध्ये माझे अडीच हजार शोधत बसले. जमेच्या बाजूला लेखाशीर्ष ००२८, नाव काय तर ‘उत्पन्न व खर्च यांवरील इतर कर’. इतर! रोजगार हमीचा खर्च दुसऱ्याच भागात, दुसऱ्याच शीर्षांखाली. दोन्ही टोकं एका पानावर कुठेच भेटली नाहीत. मार्चमध्ये विधान भवनात भाषण होतं तेव्हा टीव्हीवर कोणाला काय मिळालं याच्या पट्ट्या फिरतात. कोणाकडून काय घेतलं आणि ते कुठे गेलं, हे शोधायला मात्र वही-पेन घेऊन बसावं लागतं. मी बसले, तरी अर्धंच लागलं.

पंधरा दिवसांनी दुरुस्ती झाली. आईला चलन दाखवलं, कशाचं ते सांगितलं. तिने चष्मा लावून आकडा वाचला.

“अडीच हजार? आईला दिवसाचे तीनेक रुपये मिळायचे. तेही मुकादमाने हजेरी लावली तर.”

मग चलन पुन्हा फाइलमध्ये घालताना म्हणाली, “पुढच्या वर्षी वर्ष नीट बघून टाक.”