सुरामी: लेस्या उक्राइन्काचा शेवटचा मुक्काम

जॉर्जियात तिबिलिसीहून कुताईसीला जाणारे बहुतेक जण वाटेतल्या सुरामी गावात थांबतात ते नाझुकीसाठी. दालचिनी-मनुका घातलेली ही गोड रोटी मातीच्या भट्टीत भिंतीला थापून भाजतात, आणि रस्त्याच्या कडेला बायका ती हातात धरून गाड्यांना खुणावत असतात. आम्हीही घेतली, हाताला चटके बसावेत इतकी गरम. पण आम्हाला जायचं होतं आत गावात. युक्रेनची थोर कवयित्री लेस्या उक्राइन्का १ ऑगस्ट १९१३ रोजी इथे वारली. वय अवघं ४२.

इथला तिचा पुतळा १९५२ चा, तमारा अबाकेलिया या जॉर्जियन शिल्पकार बाईंनी घडवलेला. चौथऱ्याशी कुणीतरी रानफुलांची जुडी ठेवली होती, निळ्या-पिवळ्या फितीने बांधलेली. देठ अजून ओले होते.

लेस्याला लहानपणीच हाडांचा क्षय झाला. डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाली आणि जिवापाड आवडणारा पियानो मागे पडला. पुढे आजार मूत्रपिंडापर्यंत गेला. क्रिमिया, इजिप्त, जॉर्जिया असं उबदार हवेच्या शोधात तिचं आयुष्य सरलं. माझी भाची तिबिलिसीत मेडिकलला आहे. ती पुतळ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. तीस वर्षं आधी हवं होतं गं."

मला मात्र तिथे उभं राहून आठवत होते ते तिचे अखेरचे दिवस. हातात लेखणी धरायचं त्राण नव्हतं, तेव्हा एका नव्या नाटकाचा आराखडा तिने आईला तोंडी सांगून लिहवून घेतला. आई म्हणजे ओलेना प्चिल्का, स्वतः नावाजलेली लेखिका. नाटक होतं अलेक्झांड्रियातल्या एका ग्रीक कुटुंबाचं. झडतीत सापडू नयेत म्हणून ते जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या वाळवंटात पुरतात. ज्या भाषेच्या छपाईवर झारशाहीने वर्षानुवर्षं बंदी घातली होती, त्या भाषेच्या कवयित्रीला मरताना हेच सुचावं, याने पोटात कालवलं.

तिचा देह कीवला नेला. बायकोवे दफनभूमीपर्यंत पोलिसांच्या पहाऱ्यात शवपेटीला खांदा दिला तो बायकांनी.

आता पुढे कुताईसी. युक्रेनमधल्या आपल्या वोलिन प्रांताच्या जंगलापासून इतक्या दूर, तिथे १९११ च्या उन्हाळ्यात तिने 'वनगीत' हे काव्यनाटक दहा-बारा दिवसांत लिहून काढलं होतं.